छत्रीच्या मागे मागे

परदेशी जाऊन आलेल्या माणसाची मोठी पंचाईत असते. तो गप्प बसला तर शेजारीपाजारी म्हणतात, 'शिंगे फुटली वाटते!' आणि बोलू लागला तर तेच शेजारी पाचव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहू लागतात. त्यातून तो माणूस मराठीचा प्राध्यापक असला तर विचारूच नका. त्याला पन्नास मिनिटे अखंड बोलण्याची सवय असते, आणि समोरच्याला उठून जाण्याची सोय नसते! म्हणून प्रागहून आल्यावर मी दोन वर्षे तोंड मिटून होते. आता दिवाळी अंकाने आपण होऊन विचारले आहे, तेव्हा दोष माझा नाही.

प्रागला मी गेले ती आमच्या ह्यांच्या शेपटाला धरून. हे बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांच्या कारखान्याने एक यंत्र चेक देशातून घ्यायचे ठरवले आणि ते पाहून येण्यासाठी २०२३ च्या मे महिन्यात त्यांना आठ दिवस पाठवले. कॉलेजला सुटी होती. माझे तिकीट माझ्या पगारातून काढले, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर बोईसर आणि पालघर यांच्यामधले सगळे लोकलचे डबे या विषयावर चर्चा करतील.

हे सकाळी आठला न्याहारी करून शहराबाहेरच्या कारखान्यात जात ते संध्याकाळी येत. मधला सगळा दिवस माझा. पहिल्या दिवशी मी खिडकीतून प्राग पाहिले. दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या मुलीने एक कागद हातात दिला. जुन्या चौकात सकाळी दहा वाजता पिवळी छत्री उंच धरलेला एक गृहस्थ उभा असेल. त्याच्या मागोमाग चालायचे. तीन तास तो शहर दाखवील, मुख्यतः कम्युनिस्ट राजवटीच्या वेळचे. पैसे आधी द्यायचे नाहीत. शेवटी ज्याला जे वाटेल ते त्याने द्यावे. म्हणजे आपल्या कीर्तनासारखेच झाले की! आधी निरूपण, मग आरतीचे ताट. मला तो मनुष्य न पाहताच आवडला.

छत्रीखाली निघाले ते साठी उलटलेले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. बूट झिजलेले, पण लखलखीत पॉलिश केलेले. इंग्रजी स्वच्छ. आम्ही चौदा जण होतो. प्रत्येकाला त्यांनी देश विचारला. मी 'इंडिया' म्हणताच ते थोडे थांबले आणि म्हणाले, "तुमच्याकडे अजून कम्युनिस्ट निवडून येतात, नाही का? आणि तेही मते मिळवून!" बाकीचे तेरा जण हसले. मीही हसले. परक्या देशात सगळे हसले की आपणही हसतो. पण ते हसू घशाशी अडकले, आणि का अडकले ते पुढे सांगते.

आपल्याकडची सहल म्हणजे दोन पंगतींमधला मोकळा वेळ. बसमधून उतरायचे, फोटो काढायचे, 'चला, चला, नाश्ता गार होतो' अशी हाक आली की परत चढायचे. पायी चालत शहर ऐकायचे ही गोष्ट निराळी. पाय दुखतात म्हणून ती लक्षात राहते की काय कोण जाणे! प्रागचे रस्ते फरसबंदीचे, लहान लहान चौकोनी दगडांचे. बोईसर स्टेशनाबाहेरच्या पावसाळी रस्त्यावर ज्याने तारुण्य घालवले आहे, त्याला ते काही जड जात नाहीत.

पहिला मुक्काम जुन्या चौकातले घड्याळ. ते १४१० सालचे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरतात आणि एक सांगाडा घंटा वाजवतो. घडवणाऱ्याने दुसरीकडे असे घड्याळ करू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले, अशी दंतकथा आहे. मला ताजमहालाच्या कारागिरांचे हात आठवले. तीही दंतकथाच. कलावंताला कोणीतरी छळलेच पाहिजे, त्याशिवाय लोकांना कलाकृती मोठी वाटत नाही! जवळच जमिनीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवले आहेत. १६२१ साली बादशहाविरुद्ध उठलेल्या सत्तावीस जणांना तेथे मारले. मुले त्यांच्यावरून लंगडी घालत होती.

त्याच चौकातून एक सरळ रस्ता नदीकडे जातो, आणि त्याच्या टोकाशी, पलीकडच्या टेकाडावर, एक प्रचंड लंबक डावीउजवीकडे हलताना दिसतो. संगीतवाले ताल धरायला ठेवतात तशा यंत्राचा. "तेथे पूर्वी स्टालिन होता," गृहस्थ म्हणाले. १ मे १९५५ रोजी उभारलेला, साडेपंधरा मीटर उंचीचा, आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना कामकरी, शेतकरी, सैनिक यांची रांग. लोक त्याला 'मटणाची रांग' म्हणत. ज्या शिल्पकाराने तो घडवला त्याने अनावरणाच्या आधीच आत्महत्या केली. पुढे खुद्द मॉस्कोतच स्टालिनचे नाव खाली आले, तेव्हा १९६२ साली तो दारू लावून उडवला. मग चबुतरा रिकामाच. लंबक आला तो १९९१ साली. एवढे सांगून गृहस्थ पुढे चालू लागले. टीका नाही, टिप्पणी नाही. वर्गात हे मला कधी साधले नाही.

वेन्सेस्लास चौक म्हणजे चौक नव्हेच, एक रुंद, चढता रस्ता आहे. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत आणि तिच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे देशात शिरले, त्यानंतर याच इमारतीवर गोळ्या झाडल्या गेल्या. गृहस्थ तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांचे वडील शाळामास्तर. पुढच्या वर्षी प्रत्येक मास्तराला एक कागद सहीला दिला: हे सैन्य आपल्या मदतीला आले, हे मला मान्य आहे. वडिलांनी सही केली नाही. मग उरलेली नोकरीची वर्षे त्यांनी एका इस्पितळाच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकून काढली. "फार विद्वान लोक भेटले त्यांना तेथे," गृहस्थ म्हणाले. "एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, एक पाद्री होते. प्रागमधले सगळ्यात चांगले विद्यापीठ त्या काळी बॉयलरच्या खोल्यांत भरत असे."

संग्रहालयासमोर फरसबंदीत एक क्रूस वितळल्यासारखा पडला आहे आणि त्याखाली दगड फुगून वर आले आहेत. यान पालाख हा तत्त्वज्ञान शाखेचा विद्यार्थी, वय वीस. १६ जानेवारी १९६९ रोजी त्याने येथे स्वतःला पेटवून घेतले आणि तीन दिवसांनी तो गेला. लोक गप्प बसू लागले आहेत, त्यांना जाग यावी म्हणून. आमच्यातल्या एका तरुणाने फोटो काढण्यासाठी त्या दगडांवर पाय ठेवला. गृहस्थांनी काही न बोलता छत्रीचे टोक त्याच्या बुटाला लावले.

वीस वर्षांचा विद्यार्थी! माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तसे साठ बसतात. मी मनातल्या मनात त्यांची हजेरी घेतली आणि नको तो विचार डोक्यातून काढून टाकला.

शेवटचा टप्पा नारोद्नी नावाचा रस्ता. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी विद्यार्थ्यांचा मोर्चा येथे पोलिसांनी अडवला आणि झोडपला. एका कमानीखाली भिंतीवर पितळी हात उगवले आहेत, नुसते पंजे, वर केलेले. खाली तारीख. त्या दिवसापासून सहा आठवड्यांत नाटककार हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. नाटककाराला राष्ट्राध्यक्ष करणारा देश मला तरी दुसरा ठाऊक नाही; आपल्याकडे नाटककाराला नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष करतानासुद्धा केवढी रणे माजतात!

मग ताट फिरले, मंडळी पांगली. मी पैसे दिले आणि म्हटले, "सकाळच्या तुमच्या प्रश्नाला मला उत्तर द्यायचे आहे." गृहस्थांनी छत्री मिटली. "मग कॉफी घ्यायला हवी," ते म्हणाले. नदीकाठी, राष्ट्रीय नाट्यगृहासमोर, स्लाव्हिया नावाचे जुने कॉफीगृह आहे. तेथे खिडकीशी बसलो.

आता वाचकहो, माझी स्थिती लक्षात घ्या. मी काही कम्युनिस्ट नाही. माझ्या घरी गणपती बसतो आणि ह्यांच्या डब्यात एकादशीला साबुदाणा असतो. पण माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि माझे बालपण तलासरी तालुक्यात गेले. शाळेशेजारच्या पाड्यावर एक वारली आजी होती. दुपारी माझी आई तिच्याजवळ बसे आणि मी आईजवळ. त्या आजीचे आईबाप लग्नगडी होते. म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घेतले, आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. ते फिटत नसत. पावसाळ्यात आपली लावणी तशीच टाकून आधी सावकाराची लावणी. वर जमीनदाराची वेठ निराळी. बोलावले की जायचे, दाम नाही. नाही म्हटले तर मार.

मे १९४५ मध्ये झरी गावी किसान सभेची परिषद भरली. तलासरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती. पाच हजारांवर वारली जमले. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांनी तेथे सांगितले ते इतके साधे होते की आज ऐकताना ते क्रांतिकारक वाटतच नाही: फुकट काम करू नका, आणि कोणाच्या लग्नाचे कर्ज म्हणून गुलाम राहू नका. आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. ती सांगे, त्या पावसाळ्यात तिचा बाप पहिल्यांदा आपल्या शेतात आधी उतरला. चिखलात उभा राहिला आणि त्याला काय करावे ते कळेना. 'हाक कोणी मारीत नव्हते ना,' ती म्हणे. लगेच ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीचा संप झाला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांतला जेठ्या गांगड हा पहिला. हे सगळे ज्या झेंड्याखाली झाले तो लाल होता, त्यावर विळा होता आणि हातोडा होता. आजीच्या झोपडीत तो मडक्यांच्या उतरंडीमागे घडी करून ठेवलेला असे.

हे सगळे इंग्रजीतून सांगताना माझे गाडे 'वेठ' या शब्दापाशी रुतले. 'फोर्स्ड लेबर' म्हटले. गृहस्थांनी मान हलवली, पण ती मान यशस्वी श्रोत्याची नव्हती. त्या शब्दाला तुरुंगाचा वास येतो. वेठ म्हणजे तुरुंग नव्हे. आपल्याच गावात, आपल्याच घरी राहून, आठवड्याचे काही दिवस आपण आपले नसणे, ही वेठ. मी टेबलावर बोटाने शेत काढले, जमीनदाराचा वाडा काढला, माणूस इकडून तिकडे नेला. गृहस्थ एकदम ताठ बसले.

"रोबोटा!" ते म्हणाले. "तुम्ही रोबोटा सांगता आहात!"

त्यांच्या भाषेत, शेतकऱ्याने जमीनदाराच्या शेतावर जे फुकट राबायचे, त्याला रोबोटा म्हणत. बोहेमियात ती १८४८ साली बंद झाली. आणि मग त्यांनी खिडकीतून समोर बोट दाखवले. "त्या नाट्यगृहात १९२१ साली कारेल चापेक यांचे एक नाटक लागले. कारखान्यात तयार केलेली माणसे, जी नुसती राबतात. त्यांना नाव काय द्यावे, ते त्याला सुचेना. भावाने सुचवले: रोबोट. साऱ्या जगाला आम्ही दिलेला बहुधा हाच एक शब्द."

वीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या बाईला याहून मोठी मेजवानी कोणती? मी त्यांना आमच्या शब्दाचे कुळ सांगितले. संस्कृत 'विष्टि'ची वेठ झाली. फारसी 'बेगार'ची बिगार झाली. अर्थ दोन्हींचा एकच, पण मराठीने दोन्ही एकापुढे एक जोडून 'वेठबिगार' केले. एका शब्दाने भागेना इतके ते काम पडले असावे! आणि आता तोच शब्द आम्ही वर्तमानपत्रांत किती स्वस्त केला आहे! लोकल अर्धा तास उशिरा आली की 'प्रवासी वेठीस'.

गृहस्थ बराच वेळ कपातल्या कॉफीकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या आजीची रोबोटा त्या झेंड्याने बंद केली." मी 'होय' म्हटले. "आणि माझ्या वडिलांना त्या झेंड्याने कोळसा टाकायला लावला." मी पुन्हा 'होय' म्हटले. यावर एखादे गोड वाक्य बोलून दोन्ही बाजू मिटवण्याची मला फार इच्छा झाली. समारोपाची सवय! पण त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. पूल ओलांडून समोरच्या टेकडीच्या पायथ्याशी जा, एवढे सांगून त्यांनी छत्री उचलली. दुपारी दोनला त्यांची दुसरी मंडळी चौकात उभी राहणार होती.

मी पूल ओलांडून गेले. पायऱ्यांवर काशाची माणसे उभी आहेत. पुढचा पूर्ण माणूस. त्याच्या मागच्याला हात नाही, त्याच्या मागच्याची छाती फाटलेली, असे करत वरच्या पायरीवर जवळजवळ काहीच उरत नाही. खाली आकडे कोरले आहेत. १९४८ ते १९८९ या काळात शिक्षा झालेले २,०५,४८६. फाशी दिलेले २४८. या २४८ मध्ये एक बाई आहे, मिलादा होराकोव्हा. प्रागच्या विद्यापीठाची कायद्याची डॉक्टर. नाझींच्या तुरुंगात राहून परतलेली. २७ जून १९५० रोजी तिला फाशी दिले, आणि आइन्स्टाइनने केलेली रदबदलीही कामी आली नाही.

मी एका पायरीवर बसले. गोदावरीबाई पुण्याच्या, गोखल्यांच्या घरच्या, त्याही कायद्याच्या पदवीधर. होराकोव्हाचा जन्म १९०१ चा, गोदावरीबाईंचा १९०७ चा. दोघींनाही घरी बसून सुखाने वकिली करता आली असती. एक त्या झेंड्यासाठी तुरुंगात गेली, एक त्या झेंड्याच्या तुरुंगात गेली. शामरावांचा अंतही १९६५ साली कैदेतच झाला, आणि ती कैद आपल्या स्वतंत्र भारत सरकारची होती. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे गोदावरीबाईंचे पुस्तक १९७० चे. त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि मी ते कित्येकदा वर्गात शिकवले आहे. त्या पायरीवर बसून वाटले, या दोघी बायका समोरासमोर आल्या असत्या तर मी कोणाच्या शेजारी जाऊन बसले असते? मला वाटते, मध्ये बसले असते आणि दोघींकडूनही बोलणी खाल्ली असती. एका झेंड्याला एकच अर्थ लावणाऱ्यांचे मला हल्ली नवल वाटते. तो कोणाच्या हातात आहे, आणि त्या हातावर कोणाची सत्ता आहे, की तो हातच सत्तेचा आहे, एवढे तरी आधी पाहू नये का? मोर्चातला झेंडा आणि सचिवालयावरचा झेंडा यांचे कापड एकाच ताग्यातले असले, तरी ते दोन झेंडे आहेत. संध्याकाळी हे मी ह्यांना सांगितले. ते म्हणाले, "यंत्राचा गिअरबॉक्स फार चांगला आहे." एकूण दोघांचाही दिवस चांगला गेला होता.

परत आल्यावर ऑगस्ट उजाडला. १४ ऑगस्ट हा पालघरचा दिवस. १९४२ साली त्या दिवशी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्मारकाला गावात 'पाचबत्ती' म्हणतात, आणि 'पाचबत्तीला उतरव' असे रिक्षावाल्याला सांगणाऱ्या दहांपैकी नवांना त्या पाच दिव्यांचा पाच माणसांशी संबंध ठाऊक नसतो. मी एम. ए.च्या अकरा विद्यार्थ्यांना घेऊन स्टेशनापासून पाचबत्तीपर्यंत पायी निघाले. हातात अर्थातच छत्री! प्रागमध्ये मे महिन्यात ती निशाण म्हणून शोभते. पालघरला ऑगस्टमध्ये ती उंच धरली की मागच्यांना वाट कळते आणि धरणारी चिंब भिजते. जागोजागी थांबत मी सांगत गेले. भाजीवाल्या बायका ऐकायला उभ्या राहिल्या. एकीने माहिती सुधारलीदेखील, कारण तिच्या आजेसासऱ्याने तो दिवस पाहिला होता.

तेथून चहाच्या टपरीत बसलो, तेव्हा प्रागची गोष्ट निघाली. रोबोटाची सांगितली, वेठीची सांगितली, चापेकच्या नाटकाची सांगितली. त्यांच्यात तलासरीकडचा एक वारली मुलगा होता. बोईसरला खोली घेऊन राहतो, दिवसा वर्गात बसतो, संध्याकाळी तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून जातो. त्याच्या घरी अजूनही मत विळ्या-हातोड्यालाच पडते. २०१९ साली डहाणूतून तोच निवडून आला होता, आणि पुढे २०२४ सालीही आला. मुलगा वर्गात फारसे बोलत नाही. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला,

"मॅडम, आमच्या खात्यात गेल्या वर्षी एक पिवळा हात आणला. पोती उचलून एकावर एक रचतो. रोबोट. आम्ही आठ जण करत होतो ते काम."

"मग?"

"मग चौघांना काढले. आम्ही चौघे उरलो, त्याला पोती पुरवायला. तो थांबत नाही, म्हणून आम्हालाही थांबता येत नाही." त्याने थोडा विचार केला. "मग यात वेठ कोणाची हो, मॅडम? त्याची की आमची?"

सगळे हसले. तोही हसला. मी काही बोलणार तोच त्याने मोबाइलमध्ये वेळ पाहिली, चहाचे पैसे काढून टेबलावर ठेवले आणि दप्तर डोक्यावर धरून पावसातून स्टेशनाकडे पळाला. त्याची दुसरी पाळी तीनला सुरू होते, आणि डहाणू लोकल चुकली तर अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो.